शेरा : माहेरी

माझ्या सगळ्या नोकरीत मला पाहून आनंद झालेलं मूल मी एकही पाहिलं नाही. बुऱ्हाणपूर तहसिलीच्या खेड्यांत मी शिरलो की पोरं कापसाच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत, मिळेल त्या आडोशाला जाऊन बसायची. जेवायला रडणाऱ्या पोराला आया सांगायच्या, "खाय गुपचूप, नाई तं देवीवाला येईन." तो देवीवाला मी. सरकारी कागदावर व्हॅक्सिनेटर, शहरात टीकेवाला, खेड्यात देवी टोचणारा. एका आजीने नातवाला ज्वारीच्या कोठीत उतरवलं, वर झाकण ठेवलं आणि मलाच म्हणाली, "दमले असान भाऊ, बसा घटकाभर." मी कोठीवरच बसलो. थोड्या वेळाने कोठी शिंकली. नातवाला तिथेच टोचलं, आणि आजीने हसत हसत मला चहा पाजला.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि लोकांना तेवढेच ऐकायचे असतात. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत आमच्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी मंडळी जमतात, त्यांना मी तेच सांगतो. इथे मात्र जे ओट्यावर कधी सांगितलं नाही ते लिहायला बसलो आहे.

आता देवीचा रोग उरला नाही. आजच्या तरुणांच्या दंडावर ते गोल व्रणही नसतात. म्हणून आधी काम काय होतं ते सांगतो. लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. ती गारव्यात ठेवावी लागे. माझ्याकडे एक छोटं मडकं होतं, त्यावर ओलं फडकं, आणि ते फडकं वाळू न देणं हे माझं दिवसभराचं व्रत. नळी एकदा फोडली की तिच्यात आठ-दहा मुलं व्हायची, पण ती त्याच बैठकीला संपवायची. फोडलेली नळी दुसऱ्या दिवसासाठी राहत नसे. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर चक्री टेकवून फिरवायची. चक्री म्हणजे दांडीच्या टोकाला बारीक दातांची लोखंडी चकती. स्पिरिटच्या दिव्यावर ती तापवायची, निवू द्यायची, मग पुढचं मूल. दुखायचं, यात शंका नाही. आठवड्याने परत जाऊन फोड उठला का ते पाहायचं. उठला की ते मूल सुटलं.

टोचणं हा कामाचा सोपा भाग होता. अवघड होती ती यादी. कुठल्या गावात कोणाला मूल झालं हे मला गावच्या कोटवाराकडून कळायचं. कोटवार म्हणजे गावचा राखणदार, जन्ममरणाची वही त्याच्याकडे. बरेचसे कोटवार निरक्षर. ते सगळं डोक्यात ठेवायचे आणि शाळेच्या मास्तरांकडून किंवा ठाण्यावरच्या मुन्शीकडून वहीत चढवून घ्यायचे. तुकईथडच्या अंगाला माझ्या सर्कलमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या गावांत, सुपडू नावाचा कोटवार होता. जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं होतं म्हणून सुपडू. आधीची भावंडं गेली की आमच्याकडे अशी नावं ठेवतात. एकेका गावात तीन दगडू आणि चार उकर्डे असायचे, त्यामुळे मुलाच्या नावाला माझ्या वहीत काही किंमत नव्हती. वही चालायची ती बापाच्या नावावर. गाव, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, टोचल्याची तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

त्या शेऱ्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'माहेरी'. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. मूल जन्मतं एका गावात, वाढतं दुसऱ्या गावात. मधे दोन सण आले, शेतीची घाई आली, सासूचं आणि आईचं बिनसलं, की बाई सहा महिन्यांऐवजी वर्ष वर्ष माहेरी. मी सासरच्या दारात गेलो की सासू सांगणार, "माहेरी हाये." माहेरचा टीकेवाला तिकडच्या दारात गेला की आई म्हणणार, "आता जाईनच सासरी." दोघंही खरं बोलत आणि मूल दोघांच्या मधून निसटे.

यावर आमच्याकडे एक उपाय होता आणि तो कुठल्याच नियमात नव्हता. देडतलाई हे आमच्या तहसिलीच्या टोकाचं गाव. पलीकडे मेळघाट सुरू होतो. पलीकडच्या सर्कलला केशवराव म्हणून टीकेवाले होते, जाडजूड, सदा पान खाणारे. देडतलाईच्या आठवडी बाजाराला दोन्हीकडची माणसं येत. केशवराव आणि मी चिंचेखाली शेजारी शेजारी बसायचो. जे मूल ज्याच्या पुढे येईल त्याने ते टोचायचं आणि दुसऱ्याला चिठ्ठी द्यायची. दुपारी चहा घेताना आम्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचो. केशवराव म्हणायचे, "आज तुमच्या तीन सुना आमच्याकडून उजवल्या. आमच्या लेकी कुठं हायेत, दाखवा." सोयरिकी जुळवणाऱ्या भटजींसारखे आम्ही त्या चहाच्या दुकानात बसलेलो असायचो, आणि दुकानदारही आम्हाला व्याही म्हणायचा.

मग राज्याची पुनर्रचना झाली. तोवर बुऱ्हाणपूर आणि मेळघाट दोन्ही एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. आता आमची राजधानी भोपाळ झाली आणि देडतलाईच्या पलीकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला. जमिनीवर काहीच बदललं नाही. बाजार तोच, चिंच तीच, सोयरिकी त्याच. बदलले ते कागद. चार राज्यांचं मिळून एक राज्य झालेलं, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, वरिष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण याच्या याद्याच लागलेल्या नव्हत्या. आमच्यातल्या पुष्कळांनी तिकडचं राज्य मागून घेतलं. शेजारच्या सर्कलचे गृहस्थ असेच गेले. त्यांचं सर्कल माझ्या गळ्यात पडलं आणि त्यांच्या वह्यांची पेटी. पेटीला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याबरोबर गेलेली. कुलूप फोडायला परवानगी मागितली. ती आली तेव्हा हिवाळा अर्धा सरला होता. पेटीत निम्म्या गावांच्या वह्या नव्हत्याच.

म्हणजे गावं दुप्पट, पाय दोनच, आणि माहिती निम्मी. मी मुलं अंदाजाने शोधू लागलो. दोरीवर वाळत घातलेली तान्ह्याची लंगोटी दिसली की त्या घरी शिरायचं, ही माझी वही. वाकड्या वाटेने का होईना, काम होत होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, तो लपवत नाही. केशवरावांची बदली झाली ती मात्र भरून निघाली नाही. त्यांच्या जागी आलेला माणूस तरुण आणि भित्रा होता. तो बाजाराला येईना. मी निरोप पाठवला तर त्याचं उत्तर आलं की दुसऱ्या राज्याच्या नोकराशी परस्पर व्यवहार करता येत नाही. चूक त्याची नव्हती. तसाच कागद मलाही आला होता. चिठ्ठी पाठवायची तर मी खंडव्याला, खंडव्याने भोपाळला, भोपाळने मुंबईला, तिथून अमरावती आणि मग धारणी. तोवर मुलगी टोचायची सोडून उजवायची झाली असती.

तरीही मी बाजारात पुढे येईल ते मूल टोचत होतो. त्यावरून माझी एकदा कानउघाडणी झाली. नवे इन्स्पेक्टर ग्वाल्हेरकडचे, बोलायला मऊ. त्यांनी माझी वही पाहिली आणि तीन नावांवर बोट ठेवलं. "ये बच्चे तो बंबई राज्य के हैं, बाबूजी. हमारा टीका उनको क्यों? अपने गाँव पूरे हुए क्या?" आमची गावं पूर्ण झाली नव्हती. लस कमी येत होती, तीही कधी इकडून कधी तिकडून. माझ्याकडून खुलासा मागवला. मी चुकलो असं लिहून दिलं. त्याच बैठकीत त्यांनी मला एक सोयही दाखवून दिली. ज्यांच्यापुढे 'माहेरी' लिहिलं आहे ती मुलं राहिलेल्यांत धरायची नाहीत, गावाच्या आकड्यातून वजा करायची. म्हणजे माझी गावं कागदावर पूर्ण होत होती. एवढ्या ओझ्याखाली असा आधार मिळाला की माणूस तो सोडत नाही. आधी मी तो शब्द जपून लिहायचो, पुढे सढळ हाताने लिहू लागलो.

त्याच हिवाळ्यात सुपडूने मला एका घराचं सांगितलं. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून तिथे आहेत. "तोतारामच्या श्रावणले पोरगी हाये, भाऊ, सात महिन्याची. सून माहेरीच हाये. होळीपावतर येईन." मी वहीत लिहिलं, 'श्रावण तोताराम, मुलगी', आणि पुढे शेरा, 'माहेरी'. माहेर कुठलं हे मी विचारलं नाही. त्या दिवशी मला आणखी दोन गावं करायची होती.

पंधरा-वीस दिवसांनी देडतलाईचा बाजार होता. मी चिंचेखाली एकटा बसलो होतो. सकाळी दोन नळ्या फोडल्या, दोन्ही संपल्या. एक नळी उरली होती. ती दुसऱ्या दिवशीच्या गावासाठी होती, तिथे यादीत नऊ मुलं होती. मी दिवा विझवला, चक्री पुसली आणि सामान आवरायला घेतलं. बुऱ्हाणपूरकडची मोटार उभी होती. एवढ्यात एक बाई आली. विशी-बाविशीची असेल. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी, डोळ्यांत काजळ, डोक्याला लाल टोपडं. ती मुलगी माझ्या दिव्याकडे टक लावून पाहत होती. नोकरीत मला न घाबरलेलं तेवढं एकच मूल मला आठवतं.

"भाऊ, पोरीले टोचून द्या," ती म्हणाली.

आता इथे एक रीत सांगायला हवी, वाचकांना ती नवीन नाही. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासऱ्याचंही नाही. माझी वही तर बापाच्या नावाशिवाय हलत नव्हती. म्हणून रांगेत मी नेहमी मागच्या बाईला विचारायचो, "हिच्या घरचं नाव काय हो?" आणि मागची बाई सांगायची. हिच्या घरचं ती सांगे, तिच्या घरचं ही. या कामाची तीच खरी पद्धत होती, कुणी शिकवलेली नाही. त्या दिवशी रांग संपलेली होती. आसपास होत्या त्या कोरकू आदिवासी बायका, त्या तिला ओळखत नव्हत्या.

"बापाचं नाव काय?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. मग इकडेतिकडे पाहिलं. "थांबा भाऊ, माहा भाऊ ढोरबाजारात हाये. त्याले आनते, तो सांगीन."

ती अक्षरशः पळत गेली. मी सामान बांधलं. ती भावाला घेऊन आली तेव्हा मोटारीचा भोंगा एकदा वाजून झाला होता. भाऊ धापा टाकत होता, हातात बैलाची दोरी. माझ्या वहीतला पहिला रकाना गावाचा. सवयीने मी त्याला पहिलं तेच विचारलं, "कुठलं गाव?"

त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं. ते पलीकडचं होतं.

इन्स्पेक्टरचं बोट मला त्या तीन नावांवर दिसलं. नऊ मुलांची नळी दिसली. मी म्हणालो, "तुमचं गाव आता मुंबई राज्यात आहे. तुमचा टीकेवाला येईल गावात. त्याच्याकडून टोचून घ्या."

"तो तं टोचतच नाई, भाऊ," बाई म्हणाली. "आला तवा म्हने, तुमी सासरी जासान तवा तिकडे टोचतीन."

"येईल, येईल," मी म्हणालो.

भाऊ काही सांगायला पुढे झाला. त्याला मी कुठलं गाव हे विचारलं होतं, मुलगी कुणाची हे विचारलं नव्हतं. तो बोलेल तोवर मी मोटारीच्या पायरीवर होतो. खिडकीतून पाहिलं तर ती दोघं तिथेच उभी होती आणि तिने मुलीचं टोपडं नीट केलं. ज्या वहीत 'श्रावण तोताराम, मुलगी' लिहिलेलं होतं ती वही माझ्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी त्या नऊ मुलांच्या गावात मला चारच मुलं सापडली. बाकीची शेतावर, जत्रेला, आणि हो, माहेरी. नळी फोडली, चार मुलं टोचली, उरलेली लस टाकून दिली.

चैत्रात देवीची साथ आली. मला सगळं सोडून तुकईथडच्या बाजूला जायचा हुकूम झाला. छोट्या रेल्वेने जाऊन उतरलो, सुपडू स्टेशनावर घ्यायला आला होता. गावात शिरताना दाराला कडुलिंबाचे डहाळे दिसू लागले. ज्या घरी देवी आल्या त्या घरी फोडणी देत नाहीत, कपडे धूत नाहीत, पाहुणीला राग येईल असं काही करत नाहीत, आणि सरकारला तर मुळीच कळवत नाहीत. म्हणून मला नेहमी उशिराच कळायचं. त्या गावात तीन मुलं गेली होती. तिसरं घर तोतारामचं. डहाळी वाळली होती. मुलीला जाऊन चार दिवस झाले होते.

अशा वेळी एक फॉर्म भरायचा असतो. मी ओसरीवर बसलो. म्हातारा तोताराम खाली मान घालून भिंतीला टेकलेला. नवरा, श्रावण, अंगणात उभा. मी वही उघडून पान काढलं, माझ्याच अक्षरातला शेरा पुढे आला. टोचलं होतं का, या रकान्यापुढे काय लिहायचं ते पाहायची गरजच नव्हती. मी सवयीने मोठ्याने विचारलं, "बापाचं नाव?" सुपडूने तोंड उघडलं, एवढ्यात आतून बाई बाहेर आली.

मी तिला ओळखलं. तिने मला आधीच ओळखलं होतं. तिचं नाव सरजा, हे मला त्या दिवशी कळलं.

ती सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, कोटवारासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. ती म्हणाली, "श्रावण. श्रावण तोताराम. लिवा."

म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहत, पण मला उद्देशून नव्हे अशी, ती म्हणाली, "त्या दिसी बाजारात मी हेच सांगतलं असतं तं पोरगी वाचली असती. नाव घ्याची लाज वाटली मले. माही पोरगी माह्या तोंडानं गेली."

मला इथे थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. त्या क्षणी मला फक्त एवढं सांगायचं होतं की बाई, तुझी चूक नाही. नाव विचारलं ते वहीसाठी. दंड समोर होता, लस माझ्याजवळ होती. गावाचं नाव ऐकल्यावर मी तुझ्या भावाला बोलूही दिलं नाही. हे चार शब्द होते. समोर घरची माणसं होती, नोकरी होती, एक खुलासा आधीच देऊन झाला होता. तिने आपल्यावर घेतलेला दोष मी तिच्याकडेच राहू दिला. फॉर्मवर नाव लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. वाटेत सुपडू म्हणाला, "तुमाले बी पानी पाजलं नाई भाऊ कोनी." मी म्हणालो, बरंच झालं.

आठवड्याने इन्स्पेक्टर आले. त्यांनी तिन्ही फॉर्म वाचले. सरजाची मुलगी आजारी पडण्याआधी आठच दिवस माहेराहून आली होती, हे त्यांनी हेरलं. "तो बीमारी बंबई राज्य से आई है," ते म्हणाले. "यही लिखिए. आपका भी बचाव, हमारा भी." माझं सर्कल साफ, माझी वही साफ, तिकडच्या टीकेवाल्याच्या वहीतही ती 'सासरी' म्हणून साफच असणार. दोन राज्यांच्या वह्यांत मिळून टोचायची राहिलेली अशी एकही मुलगी नव्हती. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं आणि खाली सही केली. ती सही मला आजही डोळ्यांसमोर दिसते, नेहमीपेक्षा वळणदार आली होती.

त्यानंतर मी वही बदलली असं म्हणणार नाही. वही तीच राहिली, मी भरायची रीत बदलली. पुढे येईल तो दंड आधी टोचायचा, नाव-गाव मागाहून. त्याबद्दल दोनदा खुलासा द्यावा लागला. नळ्या कमी पडल्या की अर्धवट सर्कल तसंच अर्धवट दाखवलं, 'माहेरी' लिहून भरलं नाही. माझ्या बरोबरीचे पुढे गेले, मी पुष्कळ वर्षं होतो तिथेच राहिलो. यात मोठेपणा नाही. घर जळाल्यावर विहीर खणणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही.

दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात देडतलाईच्या बाजारात मी चिंचेखाली बसलो होतो. रांग मोठी होती. मी दंड पाहत होतो, तोंडं पाहत नव्हतो. एक दंड पुढे आला, चार-पाच महिन्यांच्या मुलाचा. थेंब ठेवला, चक्री फिरवली, मूल कळवळलं. दुसरा दंड धरला, तोही झाला. मग मी पेन उचललं आणि विचारलं, "बापाचं नाव?"

"श्रावण तोताराम," बाई म्हणाली. आता ती नाव घेताना अडखळत नव्हती.

मी वर पाहिलं. सरजा होती. अंगाने उतरली होती. मी खाली मान घालून नाव लिहू लागलो. ती मुलाला खांद्यावर घेऊन थोपटत होती आणि माझ्या वहीकडे पाहत होती. मूल जरा शांत झालं तशी ती म्हणाली, "भाऊ, नाव टोचल्यावर बी लिवता येते?"

"येतं," मी म्हणालो.

तिने मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तवा बी येत होतं?"

मागे बायका उभ्या होत्या. मूल हुंदके देत होतं. या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षं पाठ होतं.

"तेव्हाही येत होतं, बाई," मी म्हणालो. "तुझी चूक नव्हती. माझी होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ती स्वतःवर ज्या रागाने जगत आली होती तो राग त्या नजरेत माझ्याकडे वळला, आणि तो माझाच होता, मी तो घेतला. मुलाच्या बाह्या टोचलेल्या जागी घासू नयेत म्हणून तिने त्या वर दुमडल्या, पदर डोक्यावर ओढला आणि बाजूला झाली. तिच्या मागची बाई मूल घेऊन पुढे आली.